आधी झाकण, मग हीटर

नोव्हेंबर लागला की लोणावळा, कामशेत, इगतपुरी, पाचगणी या पट्ट्यातल्या बंगलेवाल्यांचे फोन पूलच्या ठेकेदारांकडे सुरू होतात. पावसाळ्यात हिरवट झालेलं पाणी साफ करून झालेलं असतं, टाइल घासून झालेल्या असतात, आणि पहिल्याच शनिवारी मुलं पाण्यात पाय घालतात आणि तसाच बाहेर काढतात. रात्रीचा पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरायला लागला की उघड्यावरच्या तलावाचं पाणी विशीच्या आसपास येऊन थांबतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या तलावात २५ ते २८ अंशांचं पाणी चालतं, पण ते जोरात हातपाय मारणाऱ्यांसाठी. उथळ बाजूला खेळणारी नातवंडं आणि गुडघे दुखतात म्हणून पाण्यात चालणारे आजोबा यांना २९-३० अंश लागतात. मग घरात एकच प्रश्न फिरू लागतो: हीटर कुठला बसवायचा?

प्रश्न रास्त आहे, फक्त तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की पाण्यात घातलेली उष्णता जाते कुठे? स्वित्झर्लंडमधल्या कॅन्टननी, म्हणजे तिथल्या राज्यांनी, एकत्र येऊन जे नमुना ऊर्जानियम केले आहेत त्यांनी हा क्रम सरळ कायद्यातच घातला. उघड्यावरचा तलाव तापवायचा तर अक्षय ऊर्जा किंवा दुसरीकडून वाया जाणारी उष्णता वापरायची. विजेवरचा हीट पंप चालेल, पण पाण्यावर आच्छादन असेल तरच. कॅलिफोर्नियाच्या इमारतविषयक ऊर्जानियमांतही गॅस हीटर किंवा हीट पंप असलेल्या उघड्या तलावाला झाकण सक्तीचं आहे. आपल्याकडे झाकणाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही निघालाच तर. पाच-सहा लाखांच्या चर्चेत काही हजारांच्या प्लास्टिकला कोण विचारतो!

हिशेब मांडला की या प्लास्टिकची किंमत कळते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा एक बेताचा घरगुती तलाव घेऊ. त्यात साधारण ४५,००० लिटर पाणी मावतं. एवढं पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ५२ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, उष्णता लागते. २२ अंशांवरून २८ अंशांवर न्यायचं तर ३१४ युनिट. हा झाला एकदाचा खर्च. खरी गळती त्यानंतर सुरू होते. तलाव जी उष्णता गमावतो त्यातली सुमारे ७० टक्के बाष्पीभवनातून जाते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते ०.६८ युनिट उष्णता सोबत नेतं; म्हणजे मागे उरलेल्या हजार लिटर पाण्याला अर्ध्या अंशाहून थोडं जास्त गार करून जातं. आपल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. कोरड्या वाऱ्याच्या दिवसात २४ तासांत पाच मिलिमीटर पाणी उडालं असं धरलं, तर १६० लिटर गेले आणि त्यांच्याबरोबर जवळपास १०८ युनिट. अवघ्या पाच मिलिमीटरसाठी अख्खा तलाव दोन अंशांनी उतरला. भिंती आणि तळातून जमिनीत जाणारी उष्णता त्यापुढे किरकोळ असते. बाष्पीभवनाखालोखाल मोठा वाटा असतो तो रात्री मोकळ्या आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाचा आणि वाऱ्याचा.

या वाऱ्याचं विशेष ऐकायला हवं, कारण सह्याद्रीच्या धारेवरचे बंगले हौसेने दरीच्या तोंडावर तलाव बांधतात, आणि त्यातही काठावरून पाणी सांडत राहणारा इन्फिनिटी पूल. तो फोटोत सुंदर दिसतो, पण उष्णतेच्या दृष्टीने त्याच्याइतका खर्चिक आकार दुसरा नाही. सांडणारं पाणी पातळ पडदा होऊन वाऱ्याला सामोरं जातं, खालच्या चरातून बॅलन्सिंग टँकमध्ये जातं आणि तिथून पुन्हा वर येतं. या सगळ्या प्रवासात ते गार होत राहतं. असा तलाव आधीच बांधलेला असेल तर काठावरून पाणी सांडणं रात्रभर बंद ठेवायची सोय पंपरूममध्ये करून घ्यावी. नवा बांधायचा असेल तर वाऱ्याच्या बाजूला मेंदीचं किंवा बांबूचं दाट कुंपण, नाहीतर काचेचा आडोसा, आराखड्यातच दाखवून घ्यावा. झाडं मात्र दक्षिणेला नकोत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि त्याच बाजूची सावली दुपारभर पाण्यावर पडून राहते.

सूर्याचा वाटा लहान नसतो. महाराष्ट्राच्या पठारावर स्वच्छ हिवाळी दिवसात एका चौरस मीटरवर पाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. आपल्या ३२ चौरस मीटरवर ते १६० युनिट होतात आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी शोषून घेतं. म्हणजे उन्हातला तलाव कुठलंही यंत्र न लावता रोज दोन अंश कमावतो आणि रात्री तेवढेच घालवून बसतो. रात्रीची गळती थांबवली की कमाई शिल्लक पडायला लागते. पुण्या-नाशकातल्या अनेक तलावांना फेब्रुवारीच्या मध्यापासून हीटरची गरजच उरत नाही, फक्त आच्छादन लागतं, हे गणित इतकं सरळ आहे.

हे आच्छादन म्हणजे बहुतेक ठिकाणी बुडबुड्यांचं निळं किंवा पारदर्शक प्लास्टिक, ज्याला पूलवाले सोलर ब्लँकेट म्हणतात. बुडबुडे खालच्या बाजूला, पाण्याला टेकलेले हवेत. अनेक घरांत ते उलटं पसरलेलं दिसतं. पारदर्शक कापड बरंचसं ऊन आत सोडतं, गडद रंगाचं कमी. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार झाकणामुळे तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांनी उतरतो, आणि वर पाणी व क्लोरिनही वाचतं. टँकरने पाणी आणणाऱ्या फार्महाउसला ही शेवटची बचत आधी पटते. आठ मीटर लांबीचं ओलं कापड रोज हाताने ओढणं जड जातं, म्हणून ते गुंडाळायचा रोलर सोबतच घ्यावा. रोलर नसला की कापड महिन्याभरात कंपाउंडच्या भिंतीला टेकलेलं दिसतं आणि उन्हाने कडक होऊन फाटतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बुडबुड्यांचं आच्छादन सुरक्षेसाठी नसतं. त्यावर पाय पडला की ते दबतं, अंगाभोवती गुंडाळतं, आणि खाली अडकलेलं मूल वरून दिसत नाही. घरात लहान मुलं असतील तर तलावाभोवती कुलपाचं फाटक असलेलं कुंपण हवंच. पोहायला उतरताना झाकण अर्धवट नाही, पूर्ण काढायचं.

एवढं झाल्यावर हीटरकडे वळता येतं, आणि आता गरज बरीच आक्रसलेली असते.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे विजेचा सरळ हीटर, घरच्या गिझरचाच मोठा भाऊ. एक युनिट वीज घेतो, एक युनिट उष्णता देतो. यंत्र स्वस्त, बसवायला तासाभराचं काम. पण वरचे ३१४ युनिट म्हणजे ३१४ युनिट वीज. युनिटला १५ रुपये धरले तर पाणी एकदा तापवायला ४,७०० रुपयांच्या वर. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की पुढच्या टप्प्याचा दर चढत जातो, आणि १८ किलोवॅटच्या हीटरसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो तो निराळाच. दीड हजार लिटरच्या जकूझीला हा प्रकार ठीक आहे. ४५,००० लिटरला नाही.

गॅस हीटरचा गुण त्याचा वेग. बाहेर कितीही थंडी असो, तो तेवढ्याच जोमाने चालतो. शुक्रवारी रात्री ठरलं तर शनिवारी दुपारपर्यंत पाणी तयार. एक किलो एलपीजी जळाल्यावर, हीटरची कार्यक्षमता धरून, ११ युनिटांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. म्हणजे आपल्या सहा अंशांसाठी १९ किलोचे दीड व्यावसायिक सिलिंडर. महिन्यातून एखाद्या वेळी वापर असेल तर हे परवडतं, रोजचा वापर असेल तर खिसा रिकामा होतो. खर्चापेक्षाही काळजीचा मुद्दा वेगळा आहे. एलपीजी हवेहून जड असतो. गळती झाली तर तो खाली साठतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक बंगल्यांत पंपरूम जमिनीखाली, लोखंडी झाकणाच्या खड्ड्यात असते. त्या खड्ड्यात एलपीजीचा हीटर बसवणं म्हणजे अपघाताला जागा करून देणं. गॅस हीटर जमिनीवर, मोकळ्या हवेत आणि धुराड्यासकटच असावा. जिथे नळाने नैसर्गिक वायू येतो तिथे तो हवेहून हलका असल्याने धोक्याचं स्वरूप बदलतं. हवा खेळती असण्याची अट मात्र कायम राहते, कारण अर्धवट जळालेल्या वायूतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो.

हीट पंपाची गोष्ट जुनी आहे आणि ती पोहण्याच्या तलावाशी थेट जोडलेली आहे. यंत्रशक्तीचा वापर उष्णता निर्माण करण्याऐवजी ती एका जागेहून दुसऱ्या जागी हलवण्यासाठी करता येईल, हा विचार लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडला होता. तो शहराच्या उपयोगी पडला झुरिकमध्ये. १९३८ साली लिमात नदीच्या पाण्यातली उष्णता काढून तिथल्या नगरभवनाची इमारत ऊबदार ठेवणारा हीट पंप बसला, आणि १९४१ मध्ये उघडलेल्या शहराच्या बंदिस्त जलतरण तलावालाही अशाच यंत्राची जोड मिळाली. दुसरं महायुद्ध चालू होतं. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा म्हणावा असा कोळसा नव्हता, बाहेरून येणारा आटला होता, वीज मात्र डोंगरातल्या धरणांवर तयार होत होती. त्या टंचाईत कोणी तलाव बंद ठेवला असता तर कोणी नावं ठेवली नसती. झुरिकच्या अभियंत्यांनी हाताशी असलेल्या गार पाण्यातूनच उष्णता उपसली.

घरगुती तलावाचा हीट पंप हेच काम हवेतून करतो. एसीचं बाहेरचं युनिट आपल्याला ओळखीचं आहे. हे यंत्र दिसायलाही तसंच आणि आतूनही तसंच. पंखा हवा ओढतो, थंड शीतक त्या हवेतली उष्णता घेऊन वायू होतं, कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, आणि नळीतल्या नळीत ते आपली उष्णता तलावाच्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होतं. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. एका युनिट विजेत किती युनिट उष्णता पाण्यात उतरली, त्या गुणोत्तराला सीओपी म्हणतात, आणि तलावाच्या हीट पंपांत ते तीन ते सातच्या दरम्यान असतं. पाच धरलं तर आपले ३१४ युनिट ६३ युनिट विजेत होतात. त्याच १५ रुपयांच्या दराने ९४५ रुपये.

तीन आणि सात यांच्यातला फरक हवामान ठरवतं, आणि इथे महाराष्ट्राचे भाग वेगळे वागतात. अलिबाग, गुहागर किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरची हवा उबदार आणि दमट असते. ती हीट पंपाच्या थंड जाळीवर आदळली की तिच्यातली वाफ पाणी होते, आणि पाणी होताना आपली सुप्त उष्णता यंत्राला देऊन जाते. म्हणून किनाऱ्यावर हीट पंप सगळ्यात खुशीत चालतो. यंत्राखालून दिवसभर पाणी ठिबकताना दिसलं तर ती गळती नसून हीच वाफ असते. पण किनाऱ्यावर गरजही सगळ्यात कमी. महाबळेश्वरात किंवा निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारीच्या पहाटे हवा गार आणि कोरडी असते, गुणोत्तर खाली येतं. उपाय सोपा आहे: यंत्र पहाटे चालवू नये. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात, हवा उबदार असताना, टायमर लावून चालवावं आणि सूर्य मावळताना झाकण ओढावं. रात्रीची वीज स्वस्त पडेल असं समजून अनेक जण नेमकं उलटं करतात. नागपूरकडे तर तक्रार हिवाळ्याइतकीच उन्हाळ्याचीही असते. उलटा चालू शकणारा हीट पंप तिथे मे महिन्यात पाणी गारही करून देतो, आणि घेतानाच ही सोय आहे का ते पाहण्यासारखं असतं.

चौथा पर्याय सौर. महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर अंघोळीच्या पाण्याचे सौर बंब इतके रुळले आहेत, की तलावालाही त्याच काचेच्या नळ्या लावाव्यात असं सहज वाटतं. त्याची गरज नसते. अंघोळीला ६० अंशांचं पाणी साठवायचं असतं, म्हणून उष्णता अडवून धरणारी महागडी नळी लागते. तलावाला मात्र सगळं पाणी जेमतेम २८-३० अंशांवर हवं. त्यासाठी काच नसलेल्या काळ्या रबराच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांच्या चटया पुरतात: फिल्टरचा पंप पाणी गच्चीवर चढवतो, ते चटईतून फिरून एखाददुसऱ्या अंशाने तापून खाली येतं, आणि दिवसभर हेच चालतं. चटईचं क्षेत्र तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून ते तेवढ्याच आकारापर्यंत लागतं. आपल्या तलावाला १६ ते ३२ चौरस मीटर. इंधनाचा खर्च शून्य. वापर रोजचा असेल, गच्ची दक्षिणेला मोकळी असेल आणि पाणी दोन अंश कमी-जास्त झालेलं चालत असेल, तर याहून शहाणा पर्याय नाही. कौलारू बंगल्यात किंवा भाड्याने देण्याच्या व्हिलात, जिथे पाहुण्याला ठरलेल्या दिवशी ठरलेलं तापमान हवं असतं, तिथे तो एकटा पुरत नाही.

गच्ची असेल तर आता एक वेगळी जोडीही जुळते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात तीन किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती सौर वीज संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. गच्चीवर वीज तयार करून ती हीट पंपाला देता येते, आणि तलावाची गरज नसेल तेव्हा तीच वीज घराला. चटई मात्र एप्रिल-मेमध्ये नुसती तापत पडते. नव्याने घर बांधणाऱ्याने आज ही जोडी आधी तपासावी.

मग निवड ठरते कशावर? मुख्यतः कॅलेंडरवर. पुण्यात राहतं घर असेल, रोज सकाळी कोणी ना कोणी पोहत असेल, तर झाकण आणि सौर चटई, नाहीतर झाकण आणि लहानसा इन्व्हर्टर हीट पंप. लोणावळ्याचं शनिवार-रविवारचं घर असेल तर आठवडाभर पाणी २८ वर टिकवणं ही उधळपट्टी आहे, कारण पाणी आणि हवा यांच्यातलं अंतर जितकं मोठं तितकी गळती मोठी. १५ किलोवॅट उष्णता देणारं यंत्र दिवसाचे नऊ तास चाललं तर १३५ युनिट देतं; झाकलेल्या तलावात, ऊनही मदतीला असल्याने, रोज अडीच अंशांच्या आसपास भर पडते. म्हणजे बुधवारी फोनवरून यंत्र सुरू केलं की शनिवारी सकाळी पाणी तयार. आणि पावसाळ्यात? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आभाळातून रोज गार पाणी येऊन तलाव वाहून जात असताना तो तापवायचा हट्ट कुणी धरू नये.

बसवतानाचे काही बारकावे यंत्राचं आयुष्य ठरवतात. क्लोरिन तांब्याला खातो, म्हणून हीट पंपातली पाण्याची नळी टायटॅनियमची हवी. मिठापासून क्लोरिन तयार करणारा संच असेल तर ही अट आणखी कडक. पाण्याचा मार्ग असा: पंप, फिल्टर, हीटर आणि त्यानंतर क्लोरिन. उलट क्रमात क्लोरिनचं तीव्र पाणी थेट हीटरमध्ये शिरतं. हीटरला तीन व्हॉल्व्हचा बायपास द्यावा, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्र काढलं तरी फिल्टर चालू राहतो. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि ते नेमके सगळ्यात गरम जागी, हीटरच्या नळीत, थर धरतात. काही महिन्यांत गुणोत्तर घसरतं आणि दोष यंत्राला दिला जातो. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं आणि वर्षातून एकदा नळी साफ करून घेणं एवढ्याने हे टळतं. गरम पाण्यात क्लोरिन लवकर संपतो, शेवाळ लवकर धरतं, तेव्हा पाणी तपासण्याची डबी हिवाळ्यातही रोज हातात घ्यावी लागते. हीट पंप भिंतीच्या कोनाड्यात किंवा शेडमध्ये कोंडू नये, कारण त्याने बाहेर टाकलेली गार हवाच तो परत ओढतो. आणि पाण्याजवळच्या प्रत्येक विजेच्या यंत्राला स्वतंत्र अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर, यात तडजोड नाही.

कोटेशन हातात आल्यावर दोन आकडे शोधावेत. पहिला, किलोवॅट कशाचे? काही विक्रेते यंत्र एचपीमध्ये सांगतात, काही टनात, काही बीटीयूमध्ये. पाण्याला मिळणारी उष्णता किती आणि मीटरवर चढणारी वीज किती, हे दोन्ही किलोवॅटमध्ये वेगवेगळं लिहून मागावं. दुसरा, गुणोत्तर कोणत्या हवेत मोजलेलं? माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचा मोठा आकडा बहुधा २६-२७ अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतला असतो, म्हणजे गोव्याच्या संध्याकाळचा. आतल्या तक्त्यात १५ अंश हवा, ७० टक्के आर्द्रता आणि २६ अंश पाणी अशी दुसरी ओळ असते. लोणावळा, नाशिक, महाबळेश्वरच्या माणसाने यंत्रांची तुलना त्या दुसऱ्या ओळीवरून करावी, आणि तिथला आकडा विक्रेत्याकडून कोटेशनवर सहीनिशी लिहून घ्यावा.